काटा

कुपवाडहून सहा-वीसची बस चुकली
तर मगदूम काकांची सुई चुकते,
म्हणून मी बस चुकवत नाही.
दारात चप्पल काढते तोवर ते आतून विचारतात,
"किती वाजले?"
घड्याळ समोरच असतं.
दिसत नाही, हे कबूल करायचं नसतं.

एकतीस वर्षं साखर कारखान्यात
वजनकाट्यावर होते नेमगोंडा मगदूम.
भरलेली गाडी, वजा रिकामी गाडी, उरला तो ऊस.
अजून तसंच बोलतात:
"दिलशाद, आज काटा किती?"
मी बोटाच्या कडेला टोचते. मधोमध दुखतं.
"एकशे बेचाळीस."
"उपाशीपोटी?"
"उपाशीपोटी."
"रिकामी गाडीच एवढी!" म्हणतात, आणि हसतात.

पेन त्यांच्याच हातात.
टिक टिक दोघंही मोजतो,
चौदाला मी आकडा मोठ्यानं वाचते,
मग ते पोटाला टोचतात.
आकडा बदलायचा तो डॉक्टरांनी,
तू फक्त बघायचं, असं ब्यूरोच्या बाईंनी बजावलंय.
बघणं हेसुद्धा काम असतं
हे मला आधी ठाऊक नव्हतं.

मग पाय.
पाणी आधी माझ्या कोपराला, मग त्यांच्या पायाला,
कारण त्यांच्या पायाला कढत काय, गार काय.
बेचक्या कोरड्या करते, तिथं तेल लावत नाही.
टाचेखाली आरसा धरते.
श्रावणात तिथं बाभळीचा काटा दिसला,
चपलेतून आरपार आलेला, कधीचा कोण जाणे.
मी उपटला नाही. रिक्षा बोलावली,
विश्रामबागेतल्या दवाखान्यात नेलं.
वाटभर एकच वाक्य:
"काटा. माझ्या पायात. आणि मला कळला नाही."

पण सांगायचीय ती अनंत चतुर्दशीची गोष्ट.
त्या दिवशी सुई घेतली, चौदा.
भाकरी-आमटी वाढून मी गच्चीवर गेले धुणं वाळत घालायला.
आले तर ताट लख्ख.
मला बरं वाटलं. तिथंच फसले.

साडेदहाला ते हाका मारू लागले,
"बुधगावची गाडी आत घ्या! माधवनगर, मागं थांब!"
बनियन चिंब, हात लटलटत.
मशीनवर बावन्न.
गिळता येतंय ना, एवढं पाहिलं
आणि अर्ध्या पेल्यात तीन चमचे साखर,
घोट घोट.
रस्त्यावर विसर्जनाचा ताशा,
मी पंधरा मिनिटं त्यांचा हात धरून घड्याळाकडे बघत.
पुन्हा थेंब. अठ्ठ्याऐंशी.

नजर जागेवर आल्यावर पहिला प्रश्न:
"किती टाकलीस?"
"तीन चमचे."
"सपाट, का शीग लावून?"

मग जिभेवरची गोडी त्यांना कळली.
भाकरी कपाटात होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
"उपास मोडलास," म्हणाले, अगदी हळू.
आधी मालनकाकूंचा होता हा उपास,
त्या गेल्यावर यांनी उचलला.
मी काय बोलणार? मीही रोजे धरते,
समोर पाणी असून न पिणं म्हणजे काय, ते जाणते.
"तुमचा नाही मोडला काका.
मी मोडला. माझ्या नावावर मांडा."
ते बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले.
मग अर्धी भाकरी खाल्ली, रागानं,
कारण नुसत्या साखरेवर माणूस फार वेळ चालत नाही
हे मी त्यांना तीनदा सांगितलं होतं.

संध्याकाळी वही मागितली.
मी लिहिलेलं: १०.३५, बावन्न. साखर दिली.
१०.५०, अठ्ठ्याऐंशी. डॉक्टरांना फोन. पुण्याला सूनबाईंना फोन.
भिंग धरून, ओळ सोडून, त्यांनी खाली लिहिलं:
"माल लपवला. चूक गाडीवानाची.
काटा बरोबर."
आणि सही.
सहीची शेपटी दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात घुसलीय.
उद्याचा आकडा तिच्यावरूनच लिहावा लागणार.